केनियात काही आठवड्यांची सेवा : उतरल्यावरचे पहिले दिवस कसे काढावेत?

निवृत्त_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी पाचपाखाडीत राहते. नर्सिंगचं शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं आणि नोकरीची बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये गेली. साठी उलटली आहे, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे.

आमच्या चर्चमधून एक लहान गट केनियात, किसुमू शहराजवळच्या एका मिशन दवाखान्यात काही आठवड्यांसाठी मदतीला चालला आहे. त्यात माझंही नाव आहे. तिकिटं, राहण्याची सोय हे सगळं गटप्रमुख बघताहेत. मला विचारायचंय ते असं, की परक्या देशात उतरल्यावर पहिले तीन-चार दिवस माणूस गांगरलेला असतो, तेव्हा काय करावं आणि काय टाळावं? कोणी अशा कामासाठी बाहेर जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा.

आणखी एक. मुलगा म्हणतो, "आई, एवढ्याशा दिवसांत तू तिथे काय करणार? उलट त्यांनाच तुझी सरबराई करावी लागेल." हे मनाला लागलंय. त्यावरही मोकळेपणाने लिहा. मला राग येणार नाही.

ऐरोलीकर
सिस्टर, आधी यलो फीव्हरची लस, बाकी सगळं नंतर. केनियाहून परतताना ते पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात नेतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात धावाधाव करून काही उपयोग नाही. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एक कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून लोकांना ठरावीक वारी, नाव नोंदवून बोलावतात. आत्ताच फोन करा.

हार्बर_लाईन
+१. आणि कार्ड पासपोर्टलाच रबर लावून ठेवा. मोठ्या बॅगेत टाकू नका.

रक्तदाब
मी फिजिशियन आहे. ऐरोलीकरांचं बरोबर आहे, पण सिस्टरांच्या वयामुळे थोडी भर घालतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम फार क्वचितच होतात, पण तरुणांपेक्षा त्यांचं प्रमाण जास्त आहे. अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर केंद्रावर नुसतं जाऊन दंड पुढे करू नका, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. पूर्वी कधी ही लस घेतली असेल तर जुनं कार्ड शोधा. २०१६ पासून एकच डोस आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात.

दुसरं म्हणजे मलेरिया. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे, तिथे धोका चांगलाच आहे. प्रतिबंधक गोळ्या इथूनच सुरू करून जायच्या. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) घेतलीत तर परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेतलीत तर आठवडाभर. घरी आलो, आता कशाला, म्हणून लोक मध्येच सोडतात आणि मग दाखल व्हावं लागतं. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं : "मी केनियाहून आले आहे."

येऊरचा_वारा
राग नको, पण विचारतोच. शहापूर, मोखाड्यात आजही बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. येऊरच्या पाड्यांवर जा, घोडबंदरच्या टॉवरांपासून हाकेच्या अंतरावर. लेबर रूमचा एवढा अनुभव असलेली बाई तिथे देवासारखी वाटेल. विमानाच्या तिकिटाच्या पैशात किती फेऱ्या होतील? आणि मिशन म्हणजे शेवटी धर्मप्रसारच ना?

खारघर_टेकडी
येऊरचा_वारा, हा प्रश्न बाहेर मदतीला जाणाऱ्यालाच का विचारला जातो? त्याच पैशात बँकॉक करून येणाऱ्याला मोखाड्याची आठवण कोणी करून देत नाही.

कोपरी_पूर्व
१९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, तेव्हाही देशात डॉक्टर कमीच होते. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस थोड्या काळासाठी म्हणून गेले आणि तिथलेच झाले. चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकले, लढाईच्या धामधुमीत शस्त्रक्रिया केल्या, हॉस्पिटल चालवलं, तिथल्या डॉक्टरांना शिकवलं. डिसेंबर १९४२ मध्ये गेले तेव्हा वय अवघं ३२. चीनमध्ये आजही त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात. त्यांनी आधी सोलापूर का नाही सुधारलं, असं आपण म्हणतो का?

येऊरचा_वारा
कोटणीस चार वर्षं राहिले हो! भाषा शिकले. इथे काही आठवड्यांचा प्रश्न आहे. तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पक्का होतो.

निवृत्त_सिस्टर
येऊरचा_वारा, राग नाही आला. पाड्यांवर मी जाते. निवृत्तीनंतर शहापूरच्या बाजूला आमचा महिन्याचा फेरा असतो, तो बंद होणार नाही.

धर्माचं म्हणाल तर केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. तिथली मंडळी आमच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि उत्साही आहे. त्यांना प्रवचन द्यायला ठाण्याहून कोणी जायची गरज नाही. रविवारी आम्ही त्यांच्या उपासनेला बसू, एवढंच. मिरजेत डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभारलं ते बाहेरून येऊनच. तिथे मला शिकवणाऱ्या सगळ्या सिस्टर मात्र आपल्याच होत्या, सांगलीच्या, कोल्हापूरच्या, गडहिंग्लजच्या. आधी कोणीतरी येऊन शिकवलं, मग इथल्यांनी इथल्यांना शिकवलं. त्यातली एक शिकलेली मी आहे. थोडं कुठेतरी द्यावं असं वाटतं. काही आठवड्यांत ते कितपत जमेल, हाच तर माझा प्रश्न आहे.

दंतकथा
मी नेरुळची, दातांची डॉक्टर. केनियात शिबिराला जाऊन आले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी कागद. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायची इलेक्ट्रॉनिक परवानगी, सुरू केलं. ते मिळवणं सोपं आहे, आणि तिथेच गट चुकतात. ईटीए घेऊन देशात शिरता येतं, पण रुग्णाला हात लावायला वेगळी परवानगी लागते. डॉक्टर आणि डेंटिस्टना तिथल्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलचा तात्पुरता परवाना, नर्सना नर्सिंग कौन्सिल ऑफ केनियाचा. इमिग्रेशनचा स्पेशल पास, म्हणजे थोड्या दिवसांच्या कामाची परवानगी, लागेल का, तेही गटप्रमुखांनी यजमान दवाखान्याकडून लेखी घ्यावं. "सेवाच तर करायची आहे, कोण विचारतंय" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बिनपगारी कामही कामच असतं. आपल्याकडे एखादा परदेशी येऊन विनापरवाना प्रसूती करायला लागला तर चालेल का आपल्याला? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी ठीक असल्याचं, प्रमाणपत्र आताच मागवा, त्याला वेळ लागतो.

मग नैरोबीचा विमानतळ. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती ते मनावर घेतात. माझी बॅग स्टीलच्या टेबलावर उघडली. नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या फोरसेप्सची, म्हणजे दात काढायच्या चिमट्यांची, एकेक जोडी बाहेर काढून उजेडात धरून पाहिली, परवान्याच्या कागदाशी ताडून पाहिली. मग खालच्या थरातून आईने बांधून दिलेले मेथीचे लाडू निघाले. अधिकारीबाईंनी पिशवी काढून घेतली आणि लाडू माझ्या ओंजळीत ठेवले. तिथेच उभं राहून रांगेतल्या सगळ्यांना वाटले. त्या बाईंनी नाही घेतला, पण हसल्या. त्यामुळे सिस्टर, खाऊ डब्यात आणि कपडे कापडी पिशवीत.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नावर. आमच्या आधी एक परदेशी गट तिथे येऊन गेला होता. त्यांनी भराभर दाढा भरल्या आणि गेले. त्यानंतर ज्यांचं दुखणं वाढलं ते सगळे तिथल्या एकट्या दंत-सहायकाच्या दारात. त्याच्याकडे ना ते सामान, ना काय केलंय त्याची नोंद. बिचारा लोकांच्या शिव्या खात होता. तेव्हापासून माझी कसोटी एकच : मी निघून गेल्यावर हे काम पुढे कोण बघणार? त्याचं नाव सांगता येत नसेल तर ते काम हातात घ्यायचं नाही.

ऐरोलीकर
दंतकथा, डेंटिस्टने हे नाव घेतलंय त्याला माझा सलाम.

फिरस्ता
पैशांबद्दल. केनियन शिलिंग इथल्या मनी चेंजरकडे सहसा मिळत नाहीत. डॉलर न्या, नव्या छपाईच्या, न चुरगळलेल्या, पेनाची रेघ नसलेल्या नोटा. उतरल्यावर विमानतळावर थोडेच बदला. पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि त्यावर एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे द्यायची सोय, सुरू करून घ्या. २००७ पासून आहे ते, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून, आणि साध्या फोनवर चालतं. भाजीवालीपासून मोटरसायकलवाल्यापर्यंत सगळे घेतात. प्लग आपला चालत नाही, तीन चपट्या पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा लागतो.

किसुमूकर
अरे वा, आमच्या गावावर धागा! मी मूळचा कोपरखैरणेचा, इकडे साखर कारखान्यात आहे. किसुमूच्या आसपास ऊस आहे, म्हणून आपल्याकडची साखरेतली माणसं इथे भेटतात.

सिस्टर, भिऊ नका. नैरोबीहून किसुमूचं विमान तासाभरात पोचतं. विषुववृत्त जवळ असल्यामुळे दिवस-रात्र बारमाही जवळपास सारखीच. संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला अंधार पडतो आणि झपकन पडतो. त्यानंतर पायी फिरू नका, बोडाबोडावर म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर तर बसूच नका. लांब बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी. सरोवर पाहून पाय बुडवायचा मोह होईल, टाळा. त्यात बिल्हार्झियाचे, म्हणजे कातडीतून शिरणाऱ्या कृमींच्या आजाराचे, जंतू आहेत आणि पाणघोडेही.

खाणं : उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा, म्हणजे हिरवी पालेभाजी. चपाती आणि चाय तर घरोघरी. तळ्यातला तिलापिया मासा उत्तम. आणि ओमेना नावाची बारीक सुकी मासळी मिळते, आपल्या सुकटीसारखी. नाक मुरडू नका, कांद्या-टोमॅटोवर परतलेली झकास लागते.

आता खास तुमच्यासाठी. इथे स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला एक वाजला म्हणतात, आठला दोन. बाई "दोन वाजल्यापासून कळा येताहेत" म्हणाली तर ती आठ म्हणतेय की दोन, हे विचारून घ्यायचं. इंग्रजीत बोलताना बहुतेक जण आपल्यासारखंच सांगतात, पण गावाकडच्या म्हाताऱ्या स्वाहिली हिशेबानेच. गोळी किती वाजता घ्यायची हे सांगतानाही तेच. तिथल्या सिस्टरला शेजारी घेऊनच बोला. ठाण्याच्या घड्याळापेक्षा अडीच तास मागे आहोत आम्ही, हेही घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर मुलगा पहाटे फोन करेल.

रक्तदाब
घड्याळाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. प्रसूतीत तर तासाचा हिशेबच सगळं ठरवतो. धन्यवाद.

वाशी_सेक्टर१७
विषय थोडा सोडून विचारते. माझी मुलगी बारावीनंतर सुट्टीत नेपाळला अनाथाश्रमात स्वयंसेवक म्हणून जाऊ म्हणतेय. एक एजन्सी आहे, पैसे भरायचे, राहणं-खाणं त्यांचं. कुणाला अनुभव?

खारघर_टेकडी
ताई, कळकळीने सांगते, पाठवू नका. मी बालहक्काच्या क्षेत्रात काम करते. अनाथाश्रमात स्वयंसेवकांना पाठवून पैसे कमवायचा धंदा झाला आहे. नेपाळमध्ये युनिसेफने वारंवार सांगितलंय की संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून गावाकडून मुलं आणायची, कागदोपत्री अनाथ करायची, आणि पाहुण्यांसमोर नाचवायची. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली. शिवाय दर पंधरवड्याला नवी ताई येते, लळा लावते, निघून जाते. त्या लेकराचं काय होत असेल?

चांगल्या हेतूने केलेलंही किती बिघडू शकतं त्याचं उदाहरण हैतीचं. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चमधल्या दहा लोकांना ३३ मुलं सरहद्दीपार नेताना पकडलं. मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील जिवंत होते.

मुलीला मदत करायचीच असेल तर बेलापूरपासून पनवेलपर्यंत अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळींना वर्षभर दर रविवारी माणसं हवी असतात.

वाशी_सेक्टर१७
बापरे. हे तिला वाचायला देते. धन्यवाद.

माजी_फार्मसिस्ट
सिस्टरांच्या गटात कोणी औषधं गोळा करतंय का? आपल्याकडे सोसायटीत खोका ठेवतात, लोक उरलेल्या पट्ट्या टाकतात, आणि मग ते पोतं परदेशी जातं. कृपा करून करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : घेणाऱ्याने मागितलेलंच द्यायचं, पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, नावं तिथल्या कर्मचाऱ्यांना समजतील अशी हवीत, लोकांकडून परत आलेल्या गोळ्या नकोत. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये आलेल्या औषधांचे ढीग निकामी ठरले आणि नष्ट करायचा खर्चही त्यांच्याच गळ्यात पडला. केनियात औषधं न्यायला तिथल्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी लागते. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

येऊरचा_वारा
इथपर्यंत सगळं वाचलं. माझं मत अजून तेच आहे, जवळचं आधी. पण सिस्टर शहापूरला जातात हे कळल्यावर त्यांना ते सुनवायचा मला अधिकार नाही. दंतकथांनी जे लिहिलंय, की आपण गेल्यावर पुढे कोण बघणार, ते तर आमच्या पाड्यांवरच्या शिबिरांनाही लावायला हवं. रविवारी येतात, चष्मे वाटतात, फोटो काढतात. पुढच्या रविवारी दुसरे येतात, तेही चष्मेच वाटतात.

कोपरी_पूर्व
हे पटलं.

हार्बर_लाईन
मूळ प्रश्नाकडे येतो. मी संस्थेतर्फे पूर्व आफ्रिकेत पाण्याच्या कामावर होतो. पहिल्या दिवसाचा माझा सल्ला : काहीही करू नका. शब्दशः. सकाळी दवाखान्यात जाऊन एका बाकावर बसा. दार कोण उघडतं, पाणी कुठून येतं, केसपेपर कोण लिहितं, आलेली बाई आधी कोणाशी बोलते ते बघा. दुसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टरच्या मागे मागे फिरा, ती सांगेल ते करा, ट्रे धुवायला सांगितला तर ट्रे. तुमचा अनुभव तिच्यापेक्षा जास्त असेलही, पण वॉर्ड तिचा आहे. तिसऱ्या दिवशी तीच तुम्हाला बोलावेल. मी बघितलंय, पहिल्या तासात हातमोजे चढवणाऱ्याला शेवटपर्यंत कोणी मनातलं सांगत नाही.

भेटायला गेल्यावर आधी वडीलधाऱ्यांना, हात मिळवून, घरच्यांची चौकशी करून, मग कामाचं. आपल्याकडे गावात जातो तसंच. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि बाळंतिणीचा तर विचारूनही नाही.

किसुमूकर
शंभर टक्के. आणि "थकलात का, बसा" म्हणून चहा देतील, तो नाकारू नका. २०१३ मध्ये सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत झालं, तेव्हा गर्दी वाढली पण सिस्टर तेवढ्याच. इथल्या मुली अक्षरशः उभ्या-उभ्या ड्यूटी करतात. त्या तुमच्यासाठी वेळ काढतात, त्याची किंमत मोठी आहे.

दंतकथा
सिस्टर, अजून गेला नाहीत ना? मग त्या दवाखान्यातल्या मुख्य सिस्टरना आत्ताच लिहा. गटप्रमुखांमार्फत नको, तुम्ही स्वतः. नर्सने नर्सला विचारायचं : तुम्हाला नेमकं काय हवंय?

निवृत्त_सिस्टर
मंडळी, उशीर झाला लिहायला. दंतकथांच्या सांगण्यावरून पत्र पाठवलं होतं, काल उत्तर आलं.

तिथल्या मुख्य सिस्टर म्हणतात, औषधं नकोत, कपडे नकोत. नव्या लागलेल्या मुलींना जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला सांभाळायचा सराव हवा आहे. शिकवलेलं आहे, पण हात बसलेला नाही, प्रसंग आला की घाबरतात. बाळ कोरडं करून, पाठ चोळून बऱ्याचदा काम होतं. नाही झालं तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने आणि मास्कने, श्वास द्यायला लागायचं असतं. मास्क नाकातोंडावर नीट बसवून छाती उचलली जातेय का बघायचं. हे रोज बाहुलीवर केल्याशिवाय येत नाही. त्यांनी लिहिलंय, "दुपारी वॉर्ड थोडा शांत असतो, तेव्हा रोज आमच्या मुलींबरोबर बसा. तुम्ही गेल्यावर हा सराव मी चालू ठेवीन."

हे काम मी झोपेतही करू शकते. मुलाला ते पत्र वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण रात्री नर्सिंग कौन्सिलचा अर्ज त्यानेच भरून दिला. लसीचंही रक्तदाब यांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून होकार दिला आहे, पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली.

आता एकच अडलंय. त्यांच्याकडची सरावाची बाहुली जुनी झाली आहे आणि बॅगेची झडप फाटली आहे. इथून नेऊ का तिथे मिळेल?

किसुमूकर
नैरोबीत मिळते, पण महाग पडते आणि किसुमूला यायला वेळ लागतो. इथूनच आणा. फक्त दवाखान्याच्या लेटरहेडवर 'प्रशिक्षणासाठी' असं पत्र सोबत असू द्या, कस्टमला दाखवायला. गाडी घेऊन किसुमू विमानतळावर मी येतो, फ्लाइट नंबर कळवा.

माजी_फार्मसिस्ट
नवजात बाळाची बॅग घ्या, मोठ्यांची नको. मास्क ० आणि १ दोन्ही नंबरचे, दोन-दोन. सिलिकॉनचे घ्या म्हणजे तिथे उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरता येतील. जास्तीच्या झडपा आठवणीने मागून घ्या, तीच आधी जाते.

येऊरचा_वारा
बॅग आणि मास्कचे पैसे माझ्याकडून. आणि निघायच्या रात्री पाचपाखाडीहून सहारला मी सोडतो. विमान किती वाजताचं आहे?